अपघातात सापडलेली जुळणीची मोटार

मोटारीला अपघात झाला म्हणजे मालकाची दृष्टी प्रथम तिच्या बाह्यांगाकडे जाते. पत्रा किती चेपला, दिवे किती फुटले, रंग कोठे खरवडला, यावरून तो मनाशी नुकसानीचा अंदाज बांधतो आणि पुष्कळदा त्याच अंदाजावर मिस्त्रीशी बोलणे सुरू करतो. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या पत्र्याच्या मोटारीत ही रीत अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. कारण तिचा पत्रा आणि तिचा सांगाडा बहुतांशी एकजीव असतात आणि आत बसलेला मार थोडाफार बाहेर उमटतो. परंतु मोटारींची एक जात अशी आहे की, तिच्या बाबतीत हा बाह्यांगाचा पुरावा बहुधा खोटा ठरतो. ती जात म्हणजे सुट्या भागांतून जुळवून उभी केलेली मोटार. इंग्रजीवरून आलेल्या नावाने जिला किट कार म्हणतात ती.

या मोटारीची कल्पना समजण्यास कठीण नाही. एक कारखाना पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर बसणारे हलके कवच तयार करतो. इंजिन, गिअरपेटी, मागील आस ही मंडळी दुसऱ्याच एखाद्या प्रचलित मोटारीकडून उसनी घेतली जातात. आणि हौशी गृहस्थ आपल्या अंगणात किंवा ओळखीच्या गॅरेजात हे सारे एकत्र जोडतो. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन नावाची अशी मोटार बाजारात आणली. तयार मोटारीवर त्या देशात जो खरेदी-कर होता तो सुट्या भागांवर नव्हता, हे तिच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण. याविषयी एक मौजेची कथा सांगतात. सुट्या भागांबरोबर जोडणीच्या सूचना दिल्यास कर लागू होई. म्हणून कंपनीने मोटार सोडविण्याच्या सूचना छापल्या आणि घेणाऱ्याने त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचाव्या अशी सोय केली. १९७३ साली करपद्धती बदलली आणि ही सवलत संपली. पण तोपर्यंत या मोटारीचा नमुना जगभर गेला होता.

महाराष्ट्रालाही अशा उद्योगाचे वावडे नव्हते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ च्या सुमारास ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना स्वतःच्या कल्पनेने घडविला आणि पुढे अनेक वर्षे त्यात सुधारणा केल्या. ती मोटार बाजारात मात्र येऊ शकली नाही. अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा या नावाने लोटस सेव्हनच्या धर्तीवर मोटारी बनविल्या गेल्या. काचतंतूंचे, म्हणजे बोलीत ज्याला फायबर म्हणतात त्याचे, कवच आणि अ‍ॅम्बॅसडर मोटारीत बसविले जाणारे इसुझू बनावटीचे अठराशे सीसीचे पेट्रोल इंजिन, अशी तिची घडण होती. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. पुढे सुट्या भागांचा विचार करताना तिचे महत्त्व कळेल.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील मिस्त्रींना सांगाडा एकाचा, कवच दुसऱ्याचे हा प्रकार नवा नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनीच्या आपे नावाच्या तीनचाकी गाड्या तयार होतात आणि त्यांच्या मागील बाजूवर गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे निरनिराळे सांगाडे चढविण्याचे काम गावोगावची कसबी माणसे करतात. उसाच्या ट्रॉल्या तर पूर्णपणे वेल्डिंगच्या दुकानांतच जन्मतात. त्यामुळे लोखंड कापणे आणि जोडणे या कामात येथील हात कोणाला हार जाणारे नाहीत. अडचण येते ती दुसरीकडे. ट्रॉलीचे लोखंड जाड असते, तिचा वेग बेताचा असतो आणि जोड थोडा वाकडा बसला तरी उसाचे काही बिघडत नाही. नळ्यांच्या सांगाड्याच्या मोटारीत माणसे बसतात, आणि ती ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावू शकते.

आता अशी कल्पना करावी की, गळीत हंगामातील एका रात्री अशी एक मोटार इंदापुराहून निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर या मार्गाने बारामतीकडे येत आहे. हाच तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग. पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर संथपणे चालला आहे आणि मागील ट्रॉलीला ना लाल दिवा, ना चकाकणारी पट्टी. अशी वाहने या रस्त्यांवर हंगामात नेहमी दिसतात, आणि त्यांना दिवे लावण्याचा कंटाळा करणे हा अक्षम्य अपराध आहे असे म्हटल्यावाचून पुढे जाता येत नाही. मोटारचालकाने ब्रेक दाबला, चाक उजवीकडे वळविले, तरी मोटारीचे डावे नाक ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आदळले. सुदैवाने आतील दोघे खरचटण्यावर निभावले. मोटारीचा डावा दिवा गेला, मडगार्ड तुटले, पुढच्या कवचाला एक चीर पडली. पाहणारे म्हणतात, ‘थोडक्यात वाचली, आठ दिवसांचे काम.’

हे वाक्य खरे की खोटे हे ठरविणे, हाच या कामाचा गाभा आहे. ते खोटे असेल आणि मोटार आठ दिवसांत रंगवून रस्त्यावर आली, तर पुढल्या एखाद्या वळणावर पुढचे चाक निखळून तिच्यातील माणसांचे काय होईल याचा विचार करावा.

मोटारीला पाना लावण्यापूर्वी काही कर्तव्ये आहेत. कोणास इजा झाली असेल तर पोलिसांचा पंचनामा होतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३६ व्या कलमान्वये अधिकृत अधिकाऱ्यास अपघातग्रस्त वाहनाची तपासणी करता येते. ती होईपर्यंत काहीही हलवू नये. विमा कंपनीलाही ताबडतोब कळवावे आणि तिच्या सर्वेक्षकाने मोटार जशी आहे तशी पाहिल्याखेरीज एकही बोल्ट सैल करू नये. सर्वेक्षकाच्या दृष्टीस न पडलेले नुकसान मागाहून सिद्ध करणे फार अवघड जाते. पुढे सोडताना आणखी मोड आढळेल हे उघड आहे. म्हणून सोडलेली मोटार पुन्हा पाहण्यास त्याने यावे, हेही पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे.

मग छायाचित्रे. चारी बाजूंनी, चारी कोपऱ्यांतून, खालून आणि वरून. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला टेलिफोन असल्यामुळे या कामी सबब उरलेली नाही. जुळणीच्या मोटारीला छापील नकाशा क्वचितच असतो. जुळणाऱ्याने कोणती तार कोठून नेली, कोणत्या भोकात किती लांबीचा बोल्ट घातला, हे त्याचे त्यालाच ठाऊक, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यालाही नसते.

पहिली परीक्षा कवचाची. फायबरचा एक गुण मोठा दगलबाज आहे. पत्रा चेपला की चेपलेलाच राहतो; फायबर मात्र आघाताने आत जाते आणि आघात संपला की उसळून जवळजवळ पूर्वस्थितीला येते. त्यामुळे कवच जागच्या जागी दिसते आणि त्याच्यामागची नळी बोटभर मागे सरकलेली असते. फायबरचे स्वतःचे दुखणेही वरून पूर्ण दिसत नाही. रंगाच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटल्या असतील तर त्या ठिकाणी आतून मार बसला आहे असे समजावे. बाजारात मडके घेताना गृहिणी जशी बोटाने वाजवून पाहते तसे कवच नाण्याने ठोकीत जावे. धडधाकट भागाचा आवाज टणक येतो आणि आतील थर सुटले असतील तेथे तो बद्द येतो. शक्य असेल तेथे पाठीमागून दिवा धरला असता सुटलेला भाग डागासारखा दिसतो. अशा प्रत्येक जागेभोवती खडूने रेघ मारून ठेवावी.

कवचावरील खुणांवरून आघाताची दिशाही वाचता येते, आणि ती वाचल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे रोग्याला न विचारता औषध देणे होय. डाव्या नाकावर बसलेला धक्का तेथेच संपत नाही. तो नळ्यांच्या वाटेने मागे धावतो, चौकटीला तिरकी रेटतो आणि कित्येकदा उजव्या बाजूच्या मागील सांध्यावर प्रकट होतो. इंजिनासारखा जड गोळा तर धडकेच्या क्षणी आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहतो, आणि त्याला धरून ठेवणारे रबरी पाये व कंस त्या ओढीत तुटतात किंवा ताणले जातात. पंख्याची पाती रेडिएटरला टेकली आहेत काय, गिअरचा दांडा पूर्वीच्या जागी उभा आहे काय, दारांच्या फटी दोन्हीकडे सारख्या आहेत काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. या मोटारीचे इंजिन ‘चालू होते का बघू’ म्हणून सुरू करून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. फुटलेल्या पेट्रोलच्या नळीला एक ठिणगी पुरते.

सोडण्याच्या कामाचा आरंभ बॅटरीपासून. ऋण बाजूची तार आधी, धन बाजूची मागाहून. आणि बॅटरी मोटारीतून उचलून दूर ठेवावी. नंतर पेट्रोल काढून घ्यावे, रेडिएटरमधील पाणी व तेले निराळ्या भांड्यांत उतरवावी. मोटार जॅकवर अधांतरी ठेवून कोणीही तिच्याखाली शिरू नये. चारी बाजूंना भक्कम लोखंडी स्टँड असावेत आणि ते सांगाड्याच्या न दुखावलेल्या भागाखाली असावेत. यानंतर दिवे, मडगार्ड, बोनेट, नाक, आसने, मग कवचाचा मुख्य भाग, अशा क्रमाने वस्त्रे उतरवीत जावे. हरएक तारेला दोन्ही टोकांस एकच आकडा लिहिलेली चिठ्ठी बांधावी. तारांचे रंग जुळणीच्या मोटारीत विश्वासार्ह नसतात. जुळणाऱ्याला त्या दिवशी बाजारात जो रंग मिळाला तो त्याने वापरलेला असतो. नट-बोल्ट शक्यतर ज्या भोकातून काढले त्यातच परत अडकवावे. न जमल्यास डबीत घालून डबीवर नाव लिहावे. एखादा बोल्ट हाताने सुटत नसेल आणि त्याला ठोकावे लागत असेल, तर त्याची नोंद आवर्जून करावी. भोके एका रेषेत उरलेली नाहीत, म्हणजे काहीतरी सरकले आहे, अशी ती खूण असते. आणि काय सोडले, कोणत्या क्रमाने सोडले, हे वहीत लिहीत जावे. लोटसच्या त्या कथेतील छापील पत्रक उलटे वाचावयाचे होते. येथे ते पत्रक सोडणाऱ्यालाच लिहावयाचे आहे.

कवच उतरले की सांगाडा उघडा पडतो, आणि खरी परीक्षा येथून पुढे. हा सांगाडा सामान्यतः इंचभर रुंदीच्या चौकोनी व गोल पोकळ नळ्यांचा असतो आणि त्या नळ्यांची भिंत जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची असते. एवढ्या नाजूक वस्तूला बळ येते ते तिच्या त्रिकोणी रचनेमुळे. प्रत्येक नळी एक तर ओढली जाते किंवा दाबली जाते. वाकविली जाऊ नये अशी योजना असते. आता छत्रीची सरळ काडी दोन टोकांनी दाबून पाहावी. ती बराच भार सोसते. तीच काडी मध्ये किंचित वाकवून पुन्हा दाबावी. ती तत्काळ दुमडते. दाब सोसणारी नळी थोडीशी वाकली म्हणजे तिचे बळ थोडेसे गेले असे होत नाही; ते पुष्कळच जाते. म्हणून नळी सरळ आहे की नाही हे नजरेने न ठरविता तिच्या कडेला पोलादी पट्टी लावून ठरवावे.

संपूर्ण सांगाड्याचे मोजमाप करण्यास कोट्यवधींची यंत्रे हवीत असे नाही. गवंड्याचा ओळंबा, खडू, सुतळी, मोजपट्टी आणि सपाट फरशी एवढ्यावर ते होते. सांगाडा स्टँडवर स्थिर करावा. दोन्ही बाजूंना जोडीजोडीने असणारे बिंदू, उदाहरणार्थ पुढील चाकांच्या भुजा जेथे बसतात ती भोके आणि मागील आसेचे आधार, निवडावेत आणि प्रत्येकाखाली ओळंबा सोडून फरशीवर खडूने फुली करावी. नंतर सांगाडा बाजूला घेतला की फरशीवर त्याची छायाच उमटलेली असते. डाव्या व उजव्या बाजूची लांबी मोजावी. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील तिरकी अंतरे मोजून एकमेकांशी ताडून पाहावी. मूळचा सांगाडा दोन्ही अंगांनी सारखा असेल तर ही तिरकी अंतरे सारखी यावीत. ती पाच-सहा मिलिमीटरांनीही निराळी आली तर सांगाडा सरकल्याचा दाट संशय घ्यावा.

परंतु फरशीवरील फुल्या एक दोष लपवितात, आणि तो म्हणजे पीळ. जुन्या बाजेचे चारी कोपरे वरून काटकोनात दिसतात, तरी तिचा एक पाय जमिनीला टेकत नाही. तसे सांगाड्याचे होते. पीळ शोधण्यास पुढील आणि मागील बाजूस एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून त्यांवर पाणसळ धरावी. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, जी गवंडी भिंतीची पातळी पाहण्यास वापरतात, ती या कामी उत्तम. पुढील पट्टी सपाट आणि मागील कललेली निघाली की पीळ बसला हे निश्चित. अशी मोटार ब्रेक दाबताच एका अंगाला ओढते, आणि मालक मात्र टायरवाल्याकडे खेपा घालीत राहतो.

मोजमापानंतर सांधे. प्रत्येक जोडाजवळचा रंग खरवडून काढावा. जेथे रंगाचा पापुद्रा आपोआप उडाला आहे तेथे प्रथम पाहावे. लोखंड ताणले गेले की रंग त्याच्याबरोबर ताणला जात नाही. बारीक तडा शोधण्याची एक जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. जागा स्वच्छ करून तिच्यावर रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड भुरभुरावी. तड्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. याच तत्त्वावर तयार केलेला लाल द्रव आता डब्यांतून मिळतो, आणि त्याची रेघ अधिक स्पष्ट दिसते.

वाकलेली नळी तापवून सरळ करावी काय? ट्रॉलीच्या बाबतीत हे रोज होते. येथे ते करू नये. पातळ नळी लाल होईपर्यंत तापविली की तिचे मूळचे बळ कमी होऊ शकते, आणि दुमडलेल्या जागेची सुरकुती हातोड्याने गेली तरी भिंत तेथे दुबळीच राहते. ती नळी एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत कापून त्याच मापाची नवी घालावी, हाच खरा उपाय. मात्र कापण्यापूर्वी शेजारच्या नळ्यांना तात्पुरत्या लोखंडी पट्ट्यांनी जखडून टाकावे. नाहीतर एक नळी निघताच उरलेला सांगाडा दाबलेल्या स्प्रिंगसारखा उघडतो. वेल्डिंग निवताना लोखंड आकसते आणि सांगाडा ओढते, म्हणून जोड थोडे थोडे, आलटून पालटून करावेत आणि प्रत्येक टप्प्यावर तिरकी अंतरे पुन्हा मोजावीत. एक नळी मात्र कोणत्याही परिस्थितीत परस्पर कापू नये. ती म्हणजे जिच्यावर सांगाड्याचा क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक नोंदणीपुस्तकात लिहिलेला आहे. तो नाहीसा झाला म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मोटारच नाहीशी झाली. सांगाडा बदलण्याची पाळी आलीच तर नोंदणी अधिकाऱ्याची संमती आधी घ्यावी. बारामतीस एमएच-४२ या क्रमांकाचे परिवहन कार्यालय असल्यामुळे त्यासाठी पुण्याची खेप पडत नाही.

चाकांच्या भुजा, स्टिअरिंगचे दांडे आणि त्यांचे गोलक यांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. मार बसलेल्या कोपऱ्यातील हे भाग सरळ करीत न बसता बदलावेत. जो पट्टा धडकेच्या वेळी माणसाच्या छातीवर ताणला गेला तो वरून नवा दिसला तरी निकामी समजावा आणि त्याच्या बोल्टचे भोक लांबट झाले आहे काय तेही पाहावे. इंजिनाचा मुख्य गोळा बहुधा सुखरूप असतो. गिअरपेटीला जोडणाऱ्या ओतीव कवचाला मात्र चीर जाते, आणि येथेच अ‍ॅम्बॅसडरची ती गोष्ट आठवते: बंद पडलेल्या मोटारीचे भाग जुन्या बाजारातून शोधावे लागतात, आणि तो शोध मजुरीपेक्षा महाग पडू शकतो.

इतके झाल्यावर मगच खर्चाचे गणित मांडावे. विम्याच्या प्रचलित नियमांत फायबरच्या भागांच्या किंमतीतून ३० टक्के, रबर व प्लास्टिकच्या भागांतून ५० टक्के घसारा वजा होतो. काचेवर तो लागत नाही. लोखंडी भागांवर मोटारीच्या वयाप्रमाणे वाढत जाऊन दहा वर्षांनंतर तो ५० टक्क्यांवर पोहोचतो. घसाऱ्याची ही रक्कम मालकाच्या खिशातून जाते. शिवाय दुरुस्तीचा खर्च विम्यात घोषित केलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की मोटार पूर्ण बुडाली असे धरतात. घोषित मूल्य ४ लाख रुपये असेल तर ३ लाखांवर ही रेषा पडते. पाच वर्षांहून जुन्या आणि बनावट बंद झालेल्या मोटारींचे मूल्य कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरत असल्यामुळे, जुळणीच्या मोटारीच्या मालकाने हप्ता वाचविण्यासाठी ते कमी लिहविले असेल, तर आता त्याची मोटार दुरुस्त होण्याजोगी असूनही कागदावर बुडते. उलट, वरून पाहून केलेला अंदाज ८० हजारांचा आणि सोडल्यानंतरचा अडीच लाखांचा, असे होणेही अगदी संभवनीय आहे. कल्पनेतील ती मोटार याच मार्गाने गेली असती: फुटलेला दिवा डावीकडे, आणि तुटलेला सांधा उजव्या आसनाखाली.

दुरुस्तीचा निर्णय झाला तर वही शेवटच्या पानाकडून वाचीत मोटार पुन्हा उभी करावी. आपोआप सैल न होणारे नट एकदा काढले की नवेच घालावेत. कवच चढविण्यापूर्वी उघड्या सांगाड्यावरच चाकांचे कोन जुळवून पाहावेत, आणि पहिली खेप एखाद्या मोकळ्या, सपाट जागी बेताच्या वेगाने घ्यावी. शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यानंतर मोटार परत आणून नवे जोड दिव्याखाली पाहावेत आणि प्रत्येक बोल्टला पुन्हा एकदा पाना लावावा.